ठेवणीचं कोकरू

त्या वर्षी दिवाळी उलटली तरी शहरावरचं ऊन हटेना. इतकं की सावल्या झाडं सोडून कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये यायच्या आणि पंख्याखाली बसायच्या. पटत नसेल तर राहू द्या — पण नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि त्या दिवशी लोक पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायचे, एवढं तरी मानावंच लागेल.

अशाच एका दुपारी, खुलताबादच्या रस्त्याकडच्या कॉलेजच्या माळावर स्वराली रोपांना पाणी घालायला गेली. पाहते तर — एक मेंढी तिच्या शिरीषाचा शेंडा निवांत चावत होती. मागे मेंढरंच मेंढरं, आणि त्यांच्या मागे, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक उंच, सावळा तरुण.

"अहो, तुमची मेंढी काय खातेय ते दिसतंय का?"

त्यानं वाकून बघितलं. "दिसतंय की. शिरीष हाय."

"शिरीष नाही. माझा प्रकल्प आहे तो."

"असं व्हय," तो गंभीरपणे म्हणाला. "तरीच लई चवीनं खातीय."

स्वरालीला रागवायचं होतं, पण हसू फुटलं. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, बऱ्याच दिवसांत आपण कुणाशी बोललोच नव्हतो.

आईबाबा भावाकडे पुण्याला गेल्यापासून गुलमंडीतल्या कापडदुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ती एकटी होती. ती आणि पाण्याचा एक ड्रम. ती ड्रमशी बोलायची. भरलेला असला की तो गप्प राहायचा. रिकामा असला की उत्तर द्यायचा, तेही तिच्याच आवाजात.

पर्यावरणशास्त्राचं एम.एस्सी. करत होती ती. हवामान असंच तापत गेलं तर कॉलेजनं आपला माळ कसा जगवायचा, हा तिच्या प्रबंधाचा विषय. आतापर्यंत सापडलेलं उत्तर एकच होतं — टँकर.

तरुणाचं नाव हनुमान. देवगाव रंगारीचा. याच कॉलेजातून त्यानं भूगोलात एम.ए. केलं होतं, आपल्याच लोकांच्या चराईच्या वाटांवर प्रबंध लिहून. मग वडिलांचे, खंडेरावांचे गुडघे गेले आणि मेंढरं त्याच्याकडे आली. गोदावरीकडे जाणाऱ्या त्या वाटेवरचे मुक्काम एकेक करून प्लॉटिंगच्या कुंपणात गेले होते. शहराच्या या अंगाला हा माळच तेवढा उरला होता.

"अर्धा माळ तुमच्या टँकरला ठेवा," तो म्हणाला. "अर्ध्यावर आमची मेंढरं बसू द्या. लेंडी पडंल, खुरांनी माती फुटंल. आम्ही उठलो की मग तिथं कुणी पाय ठेवायचा नाय. गवत आपसूक येतं. माती धरून ठेवतं, पाणीबी."

"आणि मी काय करायचं?"

"मोजायचं. पण अट हाय. कधी बसायचं, कधी उठायचं, ते आमचा वाडा ठरवणार. कॉलेज नाय."

वाडा म्हणजे त्याच्यासोबत फिरणारी चार बिऱ्हाडं. मार्गदर्शक बाईंनी लगेच मान डोलावली, कारण टँकरवाला फोन उचलत नव्हता.

मग रोज संध्याकाळी टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. मधे गवताच्या काड्या. टेप ताणली की दोघं लांब जायची, गुंडाळताना जवळ यायची… ती टेप नंतर नंतर फार सावकाश गुंडाळली जायला लागली.

"एवढं मोजतीस," एकदा तो म्हणाला, "माझ्याकडं किती वेळा बघितलंस, ते मोजलंस का?"

"नमुना फार लहान होता," ती टेपकडे बघत म्हणाली. "निष्कर्ष काढता येत नाही."

"मग वाढवू की… नमुना."

त्याच संध्याकाळी एक चुकार ढग आला आणि त्यानं चार थेंब टाकले. दोन त्याच्या घोंगडीवर, एक तिच्या गालावर. चौथा कुठे पडला, त्यावरून माळावर अजून वाद आहे.

आणि मग एका सकाळी वाडा उठला. स्वराली पोचली तेव्हा माळ रिकामा होता. रखवालदाराच्या खोलीबाहेर, खुंट्याला बांधलेलं एक कोकरू तेवढं होतं — तान्हं, काटकुळं, पुढच्या गुडघ्यावर पांढरा ठिपका.

आता हनुमानच्या घराण्याची एक रीत होती. ज्या मुक्कामाला परत यायचं, तिथं एक कोकरू ठेवून जायचं. यजमानानं ते ठेवून घेतलं, की वाट मोकळी. परत धाडलं, तर वाडा पुन्हा तिकडे फिरकायचा नाही. ही रीत ठेवणाऱ्यानं तोंडानं सांगायची नसते. आणि हनुमाननं कोकरू ठेवलं होतं ते काही कॉलेजसाठी नव्हतं.

स्वरालीला वाटलं, बिचारं चालू शकत नसेल म्हणून मागे ठेवलं. तिनं त्याला बाटलीनं दूध पाजलं. रात्री आपल्या शालीत गुंडाळलं. गुलमंडीच्या जिन्यावर ते तिच्या मागे टकटक चढायचं, तेव्हा ड्रम पहिल्यांदाच एकटा पडला. संक्रांतीपर्यंत कोकरू गुटगुटीत झालं. दुसऱ्याची वस्तू वेळेवर परत करावी, आणि डबा कधी रिकामा परत देऊ नये, हे तिच्या आईचं, मीनाक्षीबाईंचं वळण. म्हणून तिनं कोकराला शाल पांघरली, सोबत तिळाच्या वड्यांचा डबा दिला आणि देवगावच्या टेम्पोत बसवून ते मोठ्या थाटात हनुमानच्या घरी धाडलं.

हनुमानचा निरोप आला. 'मिळालं.'

एवढाच.

तिनं उत्तर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं… पुन्हा पुसलं.

पावसाळा आला तसा गेला. टँकरच्या बाजूला एक शिरीष सोडून रोपांच्या काड्या उभ्या राहिल्या. मेंढरांच्या बाजूला घोट्याएवढं गवत आलं. वाऱ्यावर ते हलायचं, तेव्हा ती टेपचं एक टोक दगडाखाली दाबून दुसरं आपण धरायची. प्रबंधाला दुसऱ्या वर्षाचीही मोजमापं हवी होती. दिवाळी झाली. ती रोज रस्त्याकडे बघायची. मेंढरं काही आली नाहीत.

शेवटी तीच देवगावला गेली. हनुमानची आई, बानाबाई, ओट्यावर लोकर विंचरत होती.

"मावशी, हनुमान—"

"गेलाय मेंढरं घिऊन. दुसऱ्या वाटंनं."

"माळावर का नाही आला?"

बानाबाईनं हात थांबवला. "पोरी, कोकरू तूच माघारी धाडलंस. वर शाल, वड्या. इतक्या लाडानं नाय म्हणताना म्या कुणाला बघितलं नाय."

मग तिनं रीत सांगितली. स्वराली घाईघाईनं म्हणाली, "मला… मावशी, मला कुणी सांगितलंच नाही. आमच्यात कुणाची वस्तू ठेवून घेत नाहीत हो."

"माझं येडंबी तसलंच. तुला ठावं असंल, असं धरून चाललं." बानाबाईला हसू आवरेना. "वड्या मातर झ्याक होत्या."

तेवढ्यात कुणीतरी स्वरालीच्या पिशवीला ढुशी दिली. भली दांडगी मेंढी. गुडघ्यावर पांढरा ठिपका.

"मेंढरांत रमत नाय ती. माणसामागं फिरती. नायतर वाटंकडं बघत बसती."

"मी नेऊ हिला?"

"मला काय इचारती. तिला इचार."

मेंढी आपणहून टेम्पोत चढली. पुढच्या सीटवर बसून तिनं ड्रायव्हरला शहरापर्यंत रस्ता दाखवला, असं तो ड्रायव्हर अजून सांगतो.

माळावर उतरल्या उतरल्या तिनं जगलेला एकुलता शिरीष गाठला. स्वरालीनं फोटो काढला आणि हनुमानला पाठवला. ऊन कलल्यावर फोन वाजला.

"काय खातीय ती?"

"माझा प्रकल्प."

तिकडे लांबवर मेंढरांच्या घंटा.

"आईनं सांगितलं. मला वाटलं, तुला ठाऊक असंल."

"मला वाटलं, तू विसरलास."

"स्वराली… गोदावरीकाठी हाय मी. मेंढरं अशी एकदम वळवता येत नायत. चारा बघत बघत यावं लागंल. उशीर व्हईल."

"कधी उठायचं ते वाडा ठरवणार. अटच आहे ना ती."

"तवर काय करशील?"

"मोजीन," ती म्हणाली.

घरी परतल्यावर मेंढी जिना टकटक चढली आणि ड्रममध्ये तोंड घालून आठवड्याचं पाणी प्यायली. मग रिकाम्या ड्रममध्ये एकदा ओरडली. ड्रमनं तिलाही तिच्याच आवाजात उत्तर दिलं. ती दचकून मागे सरली.

स्वरालीनं तिच्या मानेवर हात ठेवला.

"घाबरू नको," ती म्हणाली. "येणार आहे तो."