वाढव

बियाण्याला चोळायच्या औषधाचा गुलाबी रंग त्या ऑफिसात सगळीकडे लागलेला असे. दाराच्या कडीला, चहाच्या कपाला, कीबोर्डाच्या बटणांना. नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपन्या पुष्कळ. ही त्यातलीच एक, फार मोठी नाही, पण बोर्ड मोठा. २००१ चा मे महिना. कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त फेकत होता आणि उमा तीन मशिनींसमोर बसून त्यांची परीक्षा घेत होती.

एक जुनं, युनिक्सवालं. दोन नवी कोरी, एकात विंडोज, एकात लिनक्स. कुठला लॉट तपासून झाला, कुठल्या डेपोला गेला, हे सगळं ज्या मशीनवर चालायचं ते ऐन पेरणीत बसलं तर अख्खा मोसम बसला. म्हणून उमा तिघांना सारखंच काम घालायची आणि काम रंगात आलं की वायर उपटायची. कोण लवकर उठतं, कोण काय विसरतं ते बघायची. नव्या दोघांनीही बरं केलं, लिनक्सनं थोडं जास्त बरं. जुनं मात्र म्हाताऱ्यासारखं खोकत उठायचं, आणि आता तर त्याची डिस्क करकरायला लागली होती. या मोसमात ते रस्त्यात टाकणार, हे उमाला कळत होतं.

कळत होतं, पण अहवालात लिहवत नव्हतं. ते मशीन मार्तंडनं उभं केलेलं. मार्तंड तिचा नवरा.

तीन वर्षांपूर्वी भर पावसात त्याला मोटरसायकलवर कुंभार पिंपळगावच्या डेपोला पिटाळलं होतं, कसलीशी वायर बदलायला. दुसऱ्या दिवशी गेला असता तरी कुणाचं घर बुडत नव्हतं. वाटेत ट्रकनं उडवलं. कंपनीनं शोकसभा घेतली, माणसं दोन मिनिटं उभी राहिली, मग चहा-बिस्किटं झाली. तेराव्याच्या आत घरी माणूस आला आणि ओट्यावर बसून त्यानं विचारलं, "वहिनी, मशीनचा पासवर्ड ठाऊक हाय का?" ठाऊक होता. म्हणून नोकरी मिळाली. याला हे लोक उपकार म्हणतात, आणि दर दिवाळीला तिला आठवण करून देतात.

मार्तंडला 'बंद कर' म्हटलेलं खपायचं नाही. दुकान कुणी बंद करत नाही, वाढवतात, असं म्हणायचा. म्हणून त्यानं मशीन बंद करायची आज्ञाच तशी बनवली होती, इंग्रजी अक्षरांत 'वाढव'. तेवढं टाइप केलं की जुनं मशीन शहाण्यासारखं मिटायचं. उमाच्या बांगड्यासुद्धा बायकांनी वाढवल्याच होत्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो शब्द टाइप करताना तिची बोटं अडायची.

"झालं का, उमाताई?" मॅनेजर धर्मराज आत आले. मागं शरदचंद्र, नवी मशिनी घेऊन आलेला औरंगाबादचा इंजिनिअर. "सोमवारी मालकाला सांगायचंय. जल्दी करा. हे जुनं धूड आता वाढवा."

"नाही वाढणार साहेब," शरदचंद्र म्हणाला. "याची मेमरी आता बाजारातच मिळत नाही."

धर्मराज पोट धरून हसले. "अरे बाबा, वाढवा म्हंजी बंद करा! मराठीच हायेस ना तू? का तेबी शिकवून न्हाई राह्यले तुमच्या कॉलेजात?"

उमा हसली नाही.

दुपारी दोघं जेवायला गेले. उमानं लिनक्सवरचं काम उरकलं आणि हाताच्या सवयीनं 'वाढव' टाइप केलं. नव्या मशीनला असली आज्ञा ठाऊक असायचं कारण नव्हतं. समजलं नाही, असं त्यानं म्हणायला हवं होतं. ते काहीच म्हणालं नाही. कर्सर लुकलुकत राहिला.

मशीनवर सध्या कोण कोण आहे, ते तिनं मशीनलाच विचारलं. वर उमा. खाली मार्तंड.

"जुन्यावरची नावं इकडं घेतलीत का तुम्ही?" शरदचंद्र परत आल्यावर तिनं विचारलं.

"नाही मॅडम. कोरी सीडी घातली. तुमचं एकच नाव टाकलंय. जुन्या-नव्याला जोडणारी वायरसुद्धा नाही अजून."

तिनं ते नाव काढून टाकलं. मशीन पुन्हा चालू केलं. नाव नव्हतं. मग तिनं 'वाढव' टाइप केलं. मार्तंड. त्याखाली आणखी एकदा मार्तंड. विंडोजच्या काळ्या खिडकीत टाइप केलं, तिथंही तेच.

म्हणजे शब्द कळत होता. फक्त शरदचंद्रला कळला तसा.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय? विधवेचं डोकं फिरलं म्हणाले असते आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची काढून घेतली असती. दुपार झाली, ऑफिस रिकामं झालं, की ती त्या नावाला लिहायची. अहो. बोला ना. मी आहे. उत्तर यायचं नाही. जिवंतपणी दोन घटका गप्प न बसणारा माणूस, नुसतं नाव होऊन बसला होता. उमा रडायची ते कूलरच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही.

जुनंच ठेवा, असं लिहिलं असतं तर ते राहिलं असतं. त्याच्या हातचं काहीतरी राहिलं असतं. एक खोटी ओळ, बस. पण पेरणीत डेपोच्या दारात उन्हात ताटकळणारी माणसं तिनं पाहिली होती. मार्तंडनं स्वतः असलं खोटं कधी लिहिलं नसतं.

तिनं लिनक्स लिहिलं.

सोमवारी सकाळी शरदचंद्रनं सगळं काम नव्या मशीनवर नेलं, डेपोंतल्या पडद्यांपर्यंत जाणाऱ्या फोनच्या तारा तिकडं जोडल्या आणि चहाला गेला. उमा जुन्यासमोर बसली. शेवटचं 'वाढव' टाइप केलं.

ते मिटलं नाही.

मार्तंड. मार्तंड. मार्तंड. नावं खालून वर सरकत गेली, पडदा भरला, तरी थांबेनात. डिस्क करकरत होती. दमेकऱ्याच्या छातीतून येतो तसा आवाज.

"नका हो," उमा म्हणाली, आणि तिनं वायर उपटली.

पडदा काळा झाला. तिनं नव्या मशीनवर पाहिलं. मार्तंड कुठंच नव्हता. तिनं पुन्हा 'वाढव' टाइप केलं. अशी आज्ञा नाही, असं मशीननं सांगितलं.

आपण आपल्या हातानं केलं, एवढंच तिच्या मनात आलं.

फोन वाजला. कुंभार पिंपळगावच्या डेपोतून बद्रीनाथ, गेल्या दिवाळीनंतर लागलेला. ऑफिसातल्या कुणाचं तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं.

"ताई, नवीन मशीन चालू झालं जनू. बराबर चालून राह्यलं. पन आमच्या सायबांची बदली झाली का?"

"कोणते साहेब?"

"मार्तंड सायेब. रोज सकाळी पडद्यावर लिहीत व्हते की. ह्यो लॉट आधी काढ, त्यो मागं ठिव. लई चांगला मानूस. आज सकाळी म्हनले, आता आपलं बोलनं व्हनार न्हाई."

"माझ्याबद्दल कधी काही..."

"तुमी उमाताई ना? इचारलं व्हतं मी. ऑफिसातल्या ताईंशी बोलत न्हाई का तुमी, म्हनलं. तर म्हनले, तिच्याशी बोललो तर ती मागं येईल."

तारेत खरखर झाली.

"बरं झालं ताई, आता तुमीच लिहून राह्यल्या ते," बद्रीनाथ म्हणाला. "पन ह्ये मला कळलं न्हाई."

"काय?"

"ह्येच, आत्ता तुमच्या नावानं आलं ते. 'हे भेटले.' एवढंच. कोन भेटलं, ताई?"

उमाच्या एका हातात फोन होता. दुसरा मांडीवर पडला होता. कीबोर्डावर कुणाचाच नव्हता.