सहा कॉम्प्युटर, सहा तऱ्हा

आसरा चौकात मी शेअर रिक्षात बसले तेव्हा माझ्या मांडीवर सोलापुरी चादरीत गुंडाळलेला एक सीपीयू होता. डिसेंबरची सकाळ, बोचरा वारा, आणि शेजारच्या आजी माझ्याकडे फार मायेनं बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी चादरीचं टोक हळूच उचललं... आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"अगं बया! मला वाटलं लेकरू हाय!"

ड्रायव्हरशेजारी अर्धा आत, अर्धा बाहेर बसलेला एक तरुण फिसकन हसला. मग मागे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, "दवाखान्यात चाललंय का?"

"नव्या पेठेत दुकानात दाखवायला," मी म्हटलं. "तिथंही नाही म्हणाले तर भंगारात. आणि हसू नका, इथं माझा जीव चाललाय."

तो खरंच हसायचा थांबला. मला ते आवडलं, पण तेव्हा मी ते स्वतःलाही कळू दिलं नाही.

"काय झालंय त्याला?"

"जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले. आणि नवी विंडोज याच्यावर चालणार नाही म्हणतात. असे सहा आहेत."

"रॅम किती?"

"चार जीबी."

"चार? आणि भंगारात?" तो जवळजवळ ओरडलाच. "अहो, धडधाकट हाय की हे! लिनक्स टाकू की!"

लिनक्स म्हणजे काय, हे तो मला सात रस्त्यापर्यंत सांगत राहिला. विंडोजच्या जागी चालतं, फुकट असतं, जुन्या मशीनवर हलकं पडतं... बोलताना त्याचे डोळे असे चमकत होते की निम्मं मला कळलं नाही, आणि न कळल्याचं वाईटही वाटलं नाही. त्याला उतरायचं होतं सात रस्त्याला. उतरला नव्या पेठेत, माझ्याबरोबर. दुकानदारानं अपेक्षेप्रमाणे मान हलवली, आणि परतीच्या रिक्षात सीपीयू त्याच्या मांडीवर होता.

त्याचं नाव यशपाल. मूळचा टेंभुर्णीचा, इथं होटगी रोडला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. आणि मी कीर्ती. जुळे सोलापुरातल्या आमच्या महिला वाचनालयाची कॉम्प्युटर खोली मी बघते. सहा मशीन, चौदा बायका आणि चार वर्षांची माझी मेहनत. आमचे अध्यक्ष ईश्वरप्पा काका यांनी मला पुढच्या रविवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर मशीन चालली नाहीत आणि बायकांना ती वापरता आली नाहीत, तर सहाही भंगारात आणि खोलीत मंडपाच्या खुर्च्या. काका वाईट नाहीत, पण एकदा बोलले की बोलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यशपाल आला तो बुटाच्या नाडीत ओवलेले सहा पेन ड्राइव्ह घेऊन.

"एवढे कशाला?"

"लिनक्स म्हणजे एकच न्हाय. शेकडो प्रकार. एकेकाला डिस्ट्रो म्हणतात. पीठ ज्वारीचंच, पण भाकरीवर ज्याचा त्याचा हात." त्यानं नाडी माझ्यासमोर धरली. "हे उबुंटू, हे मिंट, हे झोरिन, हे फेडोरा, हे डेबियन..."

"पण नवख्या माणसाला चांगलं कुठलं?"

"तेच तर बघायचंय!" आणि त्यानं बाह्या दुमडल्या.

मी पुस्तकांच्या कपाटाआड नोंदी करत असल्याचं नाटक करत होते. त्याचं सगळं लक्ष पडद्यावर... आणि माझं, त्याच्या मनगटावर. दोनदा पकडली गेले. दोन्ही वेळा त्यानं नजर आधी वळवली. हे मात्र मी लक्षात ठेवलं.

शनिवारी सहाही मशीन सुरू झाली. सहा मशीनवर सहा वेगवेगळे डिस्ट्रो! कुठं जांभळा पडदा, कुठं हिरवा, कुठं डोंगर. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

सोमवारी बायका आल्या आणि माझ्या टाळ्यांचा आवाज पार विरला.

एका मशीनवर बंद करायची फुली उजवीकडे, दुसऱ्यावर डावीकडे. एकावर मेनू खाली, एकावर वर, एकावर तो कुठं असतो ते मलाही सापडेना. आमच्याकडे कुणाची जागा ठरलेली नाही, जो कॉम्प्युटर मोकळा तिथं बसायचं. त्यामुळे सोमवारी शिकलेलं मंगळवारी चुकायला लागलं. पारूमावशी शेंगा चटणी करून विकतात. पाकिटावरचं लेबल आपल्या हातानं करायचं म्हणून दोन महिने त्या एका बोटानं टाइप करतायत. सोमवारी त्यांनी लेबल अर्धं केलं, मंगळवारी दुसऱ्या मशीनवर बसल्या आणि ते शोधत बसल्या.

"काल खाली हुतं, आज वर गेलं. कुणी हलवलं गं?" मग चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाल्या, "जाऊ दे कीर्ती. माझं डोस्कंच जुनं. मला न्हाय जमायचं."

मला फार लागलं ते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी असं म्हटलं होतं.

आणि तरीही... खरं सांगते, त्या आठवड्यात मी आनंदात होते. रोज काहीतरी अडायचं, रोज मी फोन करायची, रोज साडेपाचला त्याची गाडी खाली थांबायची. "काय झालं आज?" तो जिना चढतानाच विचारायचा. मी पिवळा ड्रेस दोनदा घातला. त्याच्या लक्षात आलं. "हा सोमवारी बी हुता की," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही फुल्या मोजायला येता की ड्रेस?" तो जो लाल झाला!

पण बुधवारी ईश्वरप्पा काका डोकावले. तीन बायका एका मशीनपुढे गोंधळून उभ्या होत्या, पारूमावशी आलेल्याच नव्हत्या. काकांनी दारातून खोली नजरेनं मोजली, खुर्च्या किती मावतील अशी, आणि गेले.

यशपाल आला तशी मी त्याच्यावर बरसले. "एक ठरवा! सगळीकडे एकच!"

"ठरवू की. आता फेडोरात कसं, नवं नवं लगेच येतं. डेबियन लई भरवशाचं. उबुंटूला मदत कुठंबी मिळते, झोरिन—"

"यशपाल! तुम्हाला आवडतं ते नकोय मला. पारूमावशींना जमेल ते हवंय."

तो हळू म्हणाला, "हे मला कुणी आजवर सांगितलंच न्हाय."

गुरुवारी मी पारूमावशींना घरून घेऊन आले आणि नियम केला. मावशी सहाही मशीनवर तीनच कामं करणार. मराठीत लेबल लिहायचं, जतन करायचं, बंद करून पुन्हा शोधायचं. आणि आम्ही दोघांनी मागे उभं राहायचं, हात पाठीमागे. माऊसला हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही.

यशपालला ते जमेना! मावशींच्या माऊसचा बाण जरा चुकला की याचा हात सुटलाच पुढे.

"हात मागे!"

"सवय हाय ओ..."

तिसऱ्यांदा मी त्याचं मनगट धरलं आणि पाठीमागे नेलं. धरूनच ठेवलं. नियम म्हणजे नियम. त्यानंतर त्याचा हात एकदाही पुढे आला नाही, आणि मावशी कितव्या मशीनवर होत्या ते थोडा वेळ मला सांगता आलं नसतं.

एका मशीनवर मावशी तीनदा आमच्याकडे वळल्या, एकावर पाचदा, एकावर उठूनच गेल्या. मिंटवर बसल्या. मेनू खाली डावीकडे, जिथं त्यांची नजर सवयीनं जायची. नावं मराठीत. फुली उजवीकडे. त्यांनी लिहिलं, जतन केलं, बंद केलं, उघडलं आणि एकदाही मागे पाहिलं नाही.

"हे आपलं," त्या म्हणाल्या. "हे माझ्यावर डोळं वटारत न्हाय."

"मी हे कधी वापरलंच न्हाय," यशपाल पुटपुटला. "लई साधं वाटायचं."

शुक्रवार-शनिवारी त्यानं सहाही मशीनवर मिंटची हलकी आवृत्ती चढवली. तेच चित्र, तोच मेनू, तीच फुली. आणि बायकांच्या फायली सगळ्या मशीनवरून सापडतील अशी एक सामाईक जागाही करून दिली.

रविवारी ईश्वरप्पा काका खुर्ची ओढून पारूमावशींच्या शेजारीच बसले. बाकी तेराजणी भिंतीला टेकून उभ्या. आम्ही दोघं मागे, हात पाठीमागे.

मावशींनी एकेक अक्षर शोधून लेबल पुरं केलं. प्रिंट द्यायला माऊस वर नेला... आणि बोट पडलं नेमकं फुलीवर! पडद्यावर चौकट उघडली. बदल जतन करायचे का? तीन बटणं. चुकीचं दाबलं की आत्ता लिहिलेलं सगळं पुसलं जाणार, आणि तेसुद्धा काकांच्या डोळ्यांदेखत.

मावशींनी चष्मा सावरला. माझ्याशेजारी यशपालचा खांदा पुढे झुकला आणि मी त्याचा हात घट्ट पकडला. मनगट नव्हे, हात. त्यानंही माझा पकडला.

"ज... त... न..." मावशी वाचत होत्या. "जतन करा." टिचकी.

मग मेनू उघडला, लेबल शोधलं आणि छापायला दिलं. प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. 'पारूबाईंची शेंगा चटणी', खाली लाल मिरचीचं चित्र. खोलीत नुसता कल्ला झाला! काकांनी कागद चष्म्याजवळ धरला, खालीवर पाहिला.

"खुर्च्या दुसरीकडं ठेवू," ते म्हणाले. "आणि मॅडम, मला बी एक दिवस शिकवा. फक्त तो... हात मागं ठेवायचा नियम माझ्यापुढंबी पाळा."

मी रडले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, आनंदानं रडले.

बायका खाली चहाला गेल्या. यशपाल पेन ड्राइव्ह पुन्हा नाडीत ओवत होता. फार सावकाश.

"आता काय अडायचं न्हाय तुमचं," तो म्हणाला. "माझं काम संपलं."

"हो."

"एक सांगू? रागवणार?" त्यानं नाडीला गाठ मारली. "एकच डिस्ट्रो टाकला असता तर मागच्या शनिवारीच संपलं असतं सगळं. मला ठाऊक हुतं. सहा टाकले... म्हणजे रोज काहीतरी अडंल. रोज बोलवाल."

माझा पारा चढला. "त्या बाईनं घरी बसायचं ठरवलं होतं! ही खोली जाणार होती, यशपाल!"

"ते बघितलं तवा झोप उडाली माझी. म्हणून तर दोन दिवस रजा टाकून बसलो हितं. चुकलो मी. पण मला तुमी लई आवडता, कीर्ती. रिक्षातनंच."

मी रागावलेलीच राहणार होते. निदान पाच मिनिटं तरी. पण माझ्याही मनात एक गोष्ट टोचत होती, आणि कुणी खरं बोललं की मला खोटं धरून ठेवता येत नाही.

"मंगळवारी प्रिंटर बंद पडला होता ना?"

"व्हय. वायर सुटली हुती."

"मी काढली होती."

त्यानं आधी डोळे मोठे केले. मग तो इतका हसला, इतका हसला की खालून पारूमावशींनी ओरडून विचारलं, काय झालं म्हणून. मीही हसत होते, डोळे अजून ओलेच.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हटलं. "लई."

तो जिन्यापर्यंत गेला, थांबला, वळला.

"उद्या साडेपाचला या," मी म्हटलं.

"काय बिघडलंय?"

"काहीच नाही बिघडलं. तसेच या."