ब्रेकखालची गुरगुर

मी लेथवर बत्तीस वर्षं काढली. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तर माल परत येतो, अशा कामात माणूस भुताखेतांच्या भानगडीत पडत नाही. आवाज ऐकायचा, हात लावून बघायचा, मोजायचं. उत्तर पटलं नाही तर आपलं माप चुकलंय असं धरायचं आणि पुन्हा मोजायचं. खाली जे सांगतोय ते मी पुष्कळदा मोजून पाहिलं आहे.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा शर्यतीच्या छोट्या, उघड्या कार्टमध्ये बसली आणि पहिल्याच वळणावर तीन गिरक्या घेऊन टायरांच्या ढिगात घुसली. मी धापा टाकत पोचलो तर ही खदाखदा हसतेय. "बाबा, पुन्हा!" तिची आई कठड्याला टेकून उभी होती. तिने कपाळावर हात मारला. "झालं. आता ही कोणाचं ऐकायची नाही."

ती कार्ट मीच उभी केली होती, जुन्या सांगाड्यावर. कार्टला दोनच पेडल असतात. उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर, डाव्याखाली ब्रेक. मी ॲक्सिलरेटरची केबल चार मिलिमीटर आखूड बसवली. चूक माझी, आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण बत्तीस वर्षांच्या कामगाराने करायची ती चूक नव्हे. त्यामुळे पाय काढला तरी इंजिन पुरतं गप्प होत नसे. ब्रेक दाबला की खालून बारीक गुरगुरत राही. माझ्या ध्यानात यायला दोन महिने लागले. तोवर पोरीच्या पायांना तीच सवय जडली होती. केबल बदलली तरी ब्रेक मारताना ती उजवा पाय जरासा दाबून ठेवायची आणि गुरगुर काढायचीच. पुढे प्रत्येक प्रशिक्षकाने ही खोड मोडायला जंग जंग पछाडलं. मोडली नाही. मला मात्र सोय झाली. वीस गाड्या एकदम वळणावर आल्या तरी मी डोळे मिटून सांगायचो, ही आमची.

तेरा वर्षांची असताना एक दहा फेऱ्यांची शर्यत होती. ती संपल्यावर कार्ट आणि चालक दोघांचं वजन करतात. भिंगरी हेल्मेट काखेत घेऊन काट्यावर उभी होती, कार्ट माझ्या पुढ्यात होती, तिच्या तळाला वेळ नोंदवणारी चिप होती. तेवढ्यात टायमिंगच्या खोलीतून कागद आला. त्यावर तिच्या अकरा फेऱ्या होत्या. अकरावी सगळ्यात जलद होती, आणि ती ज्या मिनिटाला संपली त्या मिनिटाला पोरगी काट्यावर उभी होती.

"मशीनला ऊन लागलं, दुसरं काय!" टायमिंगवाला हसला आणि पेनाने ती ओळ खोडली. मीही हसलो. घरी येताना संत्रं सोलत भिंगरी म्हणाली, "अकरावी मस्त झाली ना, बाबा?"

"कुठली अकरावी?"

संत्र्याची एक फोड तिने माझ्या तोंडात घातली.

एकोणिसाव्या वर्षी ती छपराच्या रेसिंग गाड्यांकडे वळली. प्रशिक्षक अनुभवी होता. ट्रॅकवर गाडी कुठून न्यायची ते दाखवायला त्याने तिला शेजारी बसवलं आणि स्वतः चार फेऱ्या मारल्या. उतरला तो थेट माझ्याकडे आला. बराच वेळ रुमालाने हात पुसत राहिला.

"काका, शेजारच्या सीटपुढेही तुम्ही पेडल बसवलंय का?"

"नाही बुवा. का?"

"असू दे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला वेळ नव्हता. मी संध्याकाळी ब्रेकचा सिलिंडर खोलला. पिस्टनवर बारीक चरा होता. अडकत असणार. मी नवा बसवला आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

त्यानंतर सात वर्षं ती मिळेल त्या गाडीत बसली. कुणाचा चालक आजारी पडला की हिला फोन. कधी नुसती गाडी तपासायला, कधी अर्धी शर्यत. शेवटी एका मोठ्या संघाने बोलावलं. खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्‌स कार, चार तासांची शर्यत, एका गाडीला दोन चालक. संघाच्या चीफने आडपडदा ठेवला नाही. "आज जमलं तर पूर्ण सीझन तुझा. नाही जमलं तर माझ्या दारात चार पोरं उभी आहेत." ती सव्वीसची होती. पुन्हा कुणी बोलावणार नाही हे तिला ठाऊक होतं, मलाही.

जोडीदाराला सगळे म्हातारबा म्हणत. अठ्ठेचाळीस वर्षांचा, वीस सीझन पाहिलेला, मोठा गप्पिष्ट माणूस. "मुली, गाडी तेवढी शाबूत आणून दे, बाकी मी बघतो," असं म्हणून त्याने तिच्या हेल्मेटवर टपली मारली.

पहिले दोन तास भिंगरीने चालवली. पाचवा नंबर राखून आत आली. म्हातारबा बसला, टायर बदलले, गाडी गेली. भिंगरी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. केस कपाळाला चिकटलेले, हातात पाण्याची बाटली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. ओलीचिंब होती.

चालक बदलला की नव्या चालकाने स्टिअरिंगवरचं एक बटण दाबायचं असतं, म्हणजे आता कोण चालवतंय ते पंचांना कळतं. सगळेच कधी ना कधी विसरतात. पण एकाच चालकाच्या नावावर अडीच तासांहून जास्त लागले तर गाडी बाद होते. पडद्यावर अजून चालक क्रमांक एक, म्हणजे भिंगरीच होती.

"म्हातारबा, बटण," चीफ रेडिओवर म्हणाला.

"दाबलं."

"पुन्हा दाबा. इथे पोरगीच दिसतेय."

"तीनदा दाबलं, चीफ. माझ्यासमोर दोन आकडा आहे."

तेवढ्यात गाडी आमच्यासमोरून गेली. समोरच पहिलं वळण, तिथे सगळे ब्रेक मारतात. आणि मला ती गुरगुर ऐकू आली.

मी शेजारी पाहिलं. भिंगरी तिथेच होती. बाटली ओठांना लावलेली, पण पाणी पीत नव्हती.

मी स्वतःलाच समजावलं. म्हातारा थकला असेल, पाय रेंगाळत असेल. पुढच्या फेरीला कान देऊन ऐकलं. तीच. जिथे ती सुरू करते तिथे सुरू, जिथे सोडते तिथे बंद.

आमच्यामागे लॅपटॉपवर एक मुलगी बसली होती. गाडीतून येणारे ब्रेकचे आणि ॲक्सिलरेटरचे आलेख बघणं हे तिचं काम. तिला सगळे ग्राफवाली म्हणत. ती हळूच म्हणाली, "काका, म्हातारबा उजव्या पायाने ब्रेक मारतात ना?"

"मला काय ठाऊक?"

"मारतात. दोन्ही पेडल एकदम दाबताच येणार नाहीत त्यांना." तिने भिंगरीच्या सकाळच्या फेरीची रेघ आताच्या रेघेवर ठेवली. पडद्यावर एकच रेघ उरली. ग्राफवालीने कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

चीफ धावत आला. त्याने रेघ बघितलीच नाही. "वेळ बघा, वेळ! दीड सेकंद खाली! म्हाताऱ्याच्या अंगात आलंय की काय!" पाचव्यावरून चौथा नंबर झाला होता.

चार फेऱ्या म्हातारबा रेडिओवर आला नाही. नेहमी बडबडणारा माणूस. मग त्याचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

"पोरगी कुठाय?"

"इथेच आहे. का?"

"तिला सांगा, पाय काढ म्हणून."

"काय?"

"मी पेडलवर नाहीये, चीफ. दोन्ही पाय मागे घेतलेत. चार फेऱ्या झाल्या." मग नुसता त्याचा श्वास. "स्टिअरिंग तेवढं माझ्याकडे आहे. ती फार उशिरा ब्रेक मारतेय. माझ्याच्याने वळवणं होत नाही. चुकलो की भिंतीत जाईन मी. तिचे वडील आहेत का तिथे?"

चीफ माझ्याकडे बघत राहिला.

मी भिंगरीचा दंड धरला. लाकडासारखा होता. डोळे उघडे होते, पण ट्रॅककडे नव्हते. समोरच्या कोऱ्या भिंतीवर बुबुळं डावीकडे जात, थांबत, उजवीकडे जात.

"भिंगरी."

"थांबा, बाबा."

"अगं काय करतेयस तू?"

"एकच फेरी. तिसरा दिसतोय समोर."

रेडिओवर म्हातारबा ओरडला. शब्द नव्हता तो.

मी तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. तिच्या नवव्या वर्षी ओरडायचो तसा जिवाच्या आकांताने ओरडलो. "पाय काढ! भिंगरी, पाय काढ!"

तिने माझ्याकडे पाहिलं. झोपेतून उठवल्यावर लहानपणी चिडायची, तशी.

तिच्या उजव्या बुटाचं टोक फरशीवरून वर आलं.

दूर मागच्या सरळ पट्ट्यावर इंजिनाचा आवाज पडला.

गाडी हळूहळू आत आली. तिघांनी मिळून म्हातारबाला बाहेर काढलं. त्याला उभं राहता येईना. गुडघे छातीशी ओढून ओढून मांड्यांत गोळे आले होते. टायरवर बसवलं, पाणी दिलं. पाणी सांडलं. त्याने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "काका, तुमची मुलगी फार सुंदर चालवते." आणि तो पन्नाशीला टेकलेला माणूस सगळ्यांदेखत रडू लागला. भिंगरी पुढे आली तेव्हा त्याने मान फिरवली.

ब्रेकमध्ये बिघाड आहे असं कळवून चीफने गाडी मागे घेतली. तासाभराने तो कागद घेऊन आला. पंचांच्या यादीत त्या सगळ्या फेऱ्या भिंगरीच्या नावावर होत्या, त्यातली एक दिवसातली सर्वांत जलद. चीफ तिच्या नजरेला नजर देत नव्हता, पण पूर्ण सीझनचा करार आणि पेन त्याने पुढे केले.

मी तिला बाजूला घेतलं. "सही करू नकोस. हवं तर पाया पडतो तुझ्या."

"का, बाबा?"

"माणूस मेला असता आज!"

"मेला नाही ना." मग तिने माझा हात हातात घेतला, अगदी प्रेमाने. "त्या माझ्याच फेऱ्या आहेत. लहानपणापासूनच्या सगळ्या. तुम्हाला इतकं ऐकू येतं, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

गाडीत जे घडलं त्याचा धक्का मला बसून गेला होता. हा बसायचा राहिला होता. तिने उभ्याउभ्याच सही केली.

घरी निघालो तेव्हा पाच वाजले होते, लख्ख ऊन होतं. गाडी आमची घरची, जुनी, मी चालवत होतो. भिंगरी मागच्या सीटवर आडवी झाली आणि दोन मिनिटांत घोरू लागली. बूट काढून खाली ठेवले होते. तिच्या आईचा फोन आला. "जमलं का?" मी म्हटलं, "जमलं." तिकडे आनंदाचा हुंदका ऐकू आला, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

सपाट, सरळ रस्ता. मागेपुढे कुणी नाही. मी म्हटलं, एकदा मोजूनच बघू.

पाय काढला. काटा साठवर होता. मी एक ते वीस आकडे मोजले. काटा साठवरच होता. मी पाय मागे ओढला, मग दुसराही ओढला. काटा पासष्टवर गेला.

पुढे वळण होतं. त्याच्या अलीकडे, पावलाखाली, ती बारीक गुरगुर सुरू झाली.

वळण मी नीट घेतलं. त्यापलीकडे एक शाळा सुटत होती. मुलं रस्ता ओलांडायला उभी होती.

"हळू, बाळा," मी म्हणालो.

मागे ती झोपेतच कूस वळली. काटा तीसवर आला.