तिसरा शब्द

बिग.

बाबनराव कोष्टी आपल्या मागापाशी डोकं फुटून मेला. हत्यार सापडलं नाही. धाकटा भाऊ श्रावण, मारामारीच्या गुन्ह्यात दोन वर्षं भोगून नुकताच सुटलेला, महाल भागातल्या पोलीस चौकीत कोंडलेला. या वेळी फाशीच. त्याला वाचवायला वहिनी कुसुमावतीनं गुप्तहेर चंपतरावांना आणलं होतं. सोबत त्यांचे स्नेही नानाजी.

इन्स्पेक्टर मद्रासी. मराठीचा गंधही नाही. मध्ये कोर्टाचे दुभाषी मधुकरराव.

"आमच्या यायले उचललं तवा भुईवर रक्ताची रेघ दिसली," कुसुमावती म्हणाली. "मारून कोणी काहीतरी तिथं ठेवलं असन. एवढं." तिनं दोन्ही तळवे हातभर अंतरावर धरले. "मंग मी सारवून टाकलं."

"बिग," मधुकरराव साहेबाला म्हणाले. मग स्वतःच नाही म्हणून मान हलवली.

लार्ज.

"लार्ज. नाही, तेही नाही."

दोन्हींचा अर्थ नुसतं मोठं. इन्स्पेक्टरनं मागाच्या सळईची खूण केली. "लाँग?" म्हणजे लांब. मधुकररावांनी तेही नाकारलं.

बल्की.

"बल्की, सर." म्हणजे जाड, बोजड. आता मधुकररावांचं समाधान झालं.

"भावाभावांत भांडण?" चंपतरावांनी विचारलं.

"नाही जी. हे तर इंग्रजी शिकून राहिले होते. श्रावणच्या खटल्यात काय बोलले, ते समजून घ्याचं होतं त्यायले."

हे वाक्य इंग्रजीत गेलं नाही. किरकोळ असेल, असं नानाजींना वाटलं.

कोठडीत श्रावण म्हणाला, "त्या मारामारीत सूत कापाची कातरी होती हातात. एवढी." आधी तळव्यांनी लांबी दाखवली, मग चिमटीनं जाडी. "कोर्टात इंग्रजीत काय झालं, मले काय मालूम?"

मधुकररावांकडे चहा झाला. परसात त्यांची बायको सुभद्रा लुगडी हातानंच आपटत होती.

"वहिनी, कपड्यांवर राग आहे का?" नानाजी.

"धुणं बडवाची मोगरी सापडून नाही राहिली ना भाऊजी."

ह्यूज.

दुसऱ्या दिवशी चौकीतल्या टेबलावर ओली मोगरी होती. मधुकररावांच्या विहिरीतून काढलेली, दगड बांधलेली, मांडीएवढी जाड.

"गोल वस्तू भुईला रेघेपुरतीच टेकते," चंपतराव मधुकररावांना म्हणाले. "रेघेवरून लांबी कळते, जाडी नाही. कोष्टी जाडी चिमटीनं दाखवतात. बाईंनी चिमूट केलीच नाही. भुई सारवलेली. तरी तुम्ही दोन शब्द टाकून जाडीचा शब्द निवडलात."

"साहेब तर सळई म्हणत होते," नानाजी गोंधळले. "हो म्हटलं असतं तर सुटले असते. काहून नाही म्हटलं?"

"चुकीचा शब्द तोंडातून निघेना," चंपतराव म्हणाले.

मधुकरराव मोगरीकडे बघत होते. "एकदा निघाला होता. फिर्यादी माझा साडू. त्या कातरीला मी ह्यूज म्हणालो, अवाढव्य. श्रावणला दोन वर्षांची शिक्षा झाली. बाबनराव इंग्रजी शिकला, जजसाहेबांकडे जातो म्हणाला. माझं नाव गेलं असतं."

"व्हॉट डज ही से?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

मग सवयीनं मधुकररावच वळले आणि आपला कबुलीजबाब इंग्रजीत सांगू लागले. एकाही शब्दाला अडले नाहीत.