आवाज करायचा नाही

त्या दुपारी मी घरी गेले ती ओळखपत्र विसरले म्हणून. दवाखान्याच्या धुलाईखान्यात मी चादरींना इस्त्री करते. जेवणाची सुट्टी होती, म्हटलं पटकन जाऊन येऊ.

मुलगी पाच वर्षांची. सांभाळायला कुणी नाही, म्हणून बाहेरून कुलूप लावून जाते. असं बघू नकोस माझ्याकडे. माझी आईही तेच करायची. लोकांची भांडी घासायला निघताना मला आणि धाकट्या बहिणीला कोंडायची आणि बजावायची, "आवाज करायचा नाही. घरमालकाला पोरं आहेत हे कळलं तर खोली जाईल."

कुलपात किल्ली घातली आणि थबकले. आत मुलगी हळू आवाजात बोलत होती. थांबत होती, ऐकून घेत होती, पुन्हा बोलत होती.

दार उघडलं. एकटीच होती. खोलीत मात्र तापाचा आंबूस वास कोंदला होता.

"कोणाशी बोलत होतीस गं?"

"ती आली होती... तिचं अंग खूप गरम आहे, आई."

"कोण ती?"

"ती रडली ना, की तिची ताई असं करते..." आणि तिनं आपला तळहात नाकातोंडावर गच्च दाबून धरला.

हे मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. धाकटी तापानं गेली, असंच आई मरेपर्यंत समजत होती. मी सात वर्षांची होते. जिन्यात मालकाच्या चपला वाजत होत्या, धाकटी रडत होती, आणि मी... ती गप्प झाली तेव्हा मला हायसं वाटलं होतं गं.

पोरीला उचललं, कुलूप घातलं आणि तशीच कामावर घेऊन गेले. मुकादम वाटेल ते बोलला. खाली मान घालून ऐकलं. पोर काम सुटेपर्यंत मळक्या चादरींच्या ढिगाआड बसून राहिली.

संध्याकाळी तिला कडेवर घेऊन परतले. शेजारच्या आजी दारात बसल्या होत्या. त्यांना आताशा नीट दिसत नाही.

"गुणाच्या हो तुझ्या पोरी," त्या म्हणाल्या. "मघाशी खिडकीतून पाणी मागितलं, तेसुद्धा किती हळू. दोन पेले दिले."

"दोन... कशाला?"

"एक ताईला म्हणाली."

कुलूप जसंच्या तसं होतं. दार ढकललं. खिडकीच्या कट्ट्यावर, गजांच्या आत, दोन पेले शेजारी शेजारी ठेवलेले.

एक रिकामा होता. दुसरा काठोकाठ भरलेला.