बोरिसकाकांची सीट

"ही बोरिसकाकांची सीट आहे," तो म्हणाला.

मी हॉकीच्या मैदानावरची नजर काढून वर पाहिलं. उंच मुलगा, कानटोपीवर बर्फ, हातात कॉफीचा थर्मास.

"काका कुठायत?"

"घरी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग आज काही ते येत नाहीत," मी म्हणाले आणि बसून राहिले.

मी नोएमी, गुरांची डॉक्टर. नोकरीसाठी कॉर्मॅकला येऊन मला दोन वर्षं झाली होती. माझं गाव सेंट एमार, गाडीनं दोन तास. तिथल्या हॉकीच्या मैदानावरचा बर्फ गुळगुळीत करायचं मशीन बाबा चालवायचे, त्यामुळे मी चालायला आणि स्केट करायला एकाच वर्षी शिकले. सेंट एमारची टीम म्हणजे माझं माहेर. कॉर्मॅकच्या टीमवर जीव नंतर जडला, पण चांगलाच जडला. दोन्ही टीम वेगवेगळ्या गटांत खेळायच्या, म्हणून आजवर माझं ठीक चाललं होतं.

त्या दिवशी बाद फेरीचा पहिला सामना कॉर्मॅकनं पाच-एक असा जिंकला. पुढच्या सामन्याला मी शहाण्यासारखी दुसरीकडे जाऊन बसले, तर तो धावतच आला.

"उठा, उठा! इथं काय बसलाय तुम्ही?"

"ती सीट काकांची आहे ना?"

"होती! तुम्ही बसलात आणि आपण जिंकलो. आता बाद फेरी संपेपर्यंत तुम्हाला हलता येणार नाही."

कॉर्मॅकमध्ये हा नियमच आहे. टीम जिंकत असेल तर काही म्हणजे काही बदलायचं नाही. तीच टोपी, तीच गाडी, तेच न धुतलेले मोजे. काका तीन आठवड्यांत हिंडूफिरू लागले, पण त्यांना कुणी येऊ दिलं नाही. त्यांनीच फोन करून बजावलं, "पोरीला हलू देऊ नका!" आणि घरी बसून रेडिओ ऐकला.

तर असे आम्ही शेजारी आलो. त्याचं नाव ओरेस्ट, धान्याच्या कोठारावर काम करायचा. गोठवणारी थंडी, लाकडी बाकं आणि दोघांत एक घोंगडी. मी एका कानात सेंट एमारचा सामना ऐकायची. तिसऱ्या सामन्याला त्यानं दुसरा इअरफोन हळूच उचलून स्वतःच्या कानात घातला.

"दोन-दोन टीम... शोभतं का तुला?"

"तुला काय त्रास होतोय?"

"मला? मला काय... कोण पुढं आहे?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?" असं म्हणत तो हसला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता, आणि तो त्यानं काढला नाही. मीही नाही.

मी प्रेमात पडले होते. त्याचं मात्र कळत नव्हतं. त्याला मी हवी होते, की सीटवरचा शकुन? कॉर्मॅक हरलं की काका परत येतील, घोंगडी परत जाईल... आणि मी? हा प्रश्न मला झोपू देईना.

आणि व्हायचं तेच झालं. अंतिम फेरीत समोरासमोर आले कॉर्मॅक आणि सेंट एमार. फेरी सात सामन्यांची; सहांत तीन-तीन, दोघांनीही आपापल्या घरचेच जिंकलेले. सातवा कॉर्मॅकला, रविवारी दुपारी. सेंट एमारहून दोन बस भरून माणसं आली आणि पलीकडच्या टोकाला बसली. त्यांत बाबाही होते. मी आमच्या गावचा हिरवा स्वेटर घालून काकांच्या सीटवर बसले. मागच्या रांगेतली बेकरीवाली ओल्गा म्हणाली, "स्वेटर कसलाही घाल गं बाई, फक्त तिथून उठू नकोस."

वीस मिनिटं उरली होती. कॉर्मॅक दोन गोलांनी पुढे. शेवटच्या मध्यंतरात मी विचारलं, "ओरेस्ट, मी या सीटवर नसले... तरी माझ्याशेजारी बसशील?"

"हे आत्ता विचारतेस? जिंकत आलोय आपण!"

"म्हणूनच आत्ता. हरल्यावर विचारलं तर कीव करशील. जिंकल्यावर विचारलं तर आज कुणालाही हो म्हणशील."

 तो थर्मासचं झाकण घट्ट लावू लागला. उगाच विचारलं, असं मला वाटलं.

खेळाडू परत बर्फावर उतरले, तसा तो उठला आणि त्यानं घोंगडी काखेत मारली.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या बाबांकडं. तिकडं बसू."

"वेडा आहेस का? टीम पुढं असताना—"

"माहितीय मला."

"ओरेस्ट!" ओल्गा किंचाळली. "खाली बस, मेल्या!"

सगळी रांग उभी राहिली. कुणी हात जोडले, कुणी त्याचं जाकीट ओढलं. तो "माफ करा, माफ करा" करत निघाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझा हात मात्र घट्ट धरलेला.

पलीकडे बाबांसमोर जाऊन तो म्हणाला, "मी ओरेस्ट. तुमच्या मुलीशेजारी बसायचंय मला."

बाबांनी त्याला खालून वर पाहिलं. "बस. पण आमच्यासारखं ओरडावं लागेल."

"ते नाही जमणार."

"मग गप्प बस," बाबा म्हणाले आणि सरकले.

सेंट एमारनं आठ मिनिटांत तीन गोल केले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी बाबांच्या गळ्यात पडून नाचत होते. मग वळून पाहिलं. ओरेस्ट बाकावर बसला होता, डोळे भरलेले. समोरून अख्खं कॉर्मॅक त्याच्याकडे बघत होतं.

मी त्याच्याजवळ बसले. 

"आम्ही हरलो," तो म्हणाला. "आणि मी इथंच बसलोय. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले, आणि बाबांसमोरच त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून त्याला जवळ घेतलं.

कॉर्मॅकनं त्याला अजून माफ केलेलं नाही. आमच्या लग्नाला मात्र झाडून सगळे आले, पोटभर जेवले, आणि जेवता जेवता तो सामना त्याच्यामुळेच कसा गेला, हे मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.