शिनोबाईंची मिशी

मुलांनो, मनातल्या मनात जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही जपानात आहात, क्योतो शहरात. नदीपासून दोन गल्ल्या आत एक जुनं थिएटर आहे, त्सुकिमी-झा. खुर्च्या मोजून चाळीस. बाहेर जून महिन्याची झिमझिम चालली आहे, दाराशी पारदर्शक छत्र्या टपटप गळत उभ्या आहेत. आत अंधार झालाय. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रंगात एक नाव उमटतं, हानाओका शिनो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या बाईंसाठी लोक तासन् तास रांगा लावत. आजही इथे त्यांचं नाव पडद्यावर आलं की म्हाताऱ्याकोताऱ्या चाहत्यांपैकी कोणीतरी एकच, हलकी टाळी वाजवतं. तशी पद्धतच आहे इथली.

तर टाळी वाजते... आणि पाठोपाठ मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणतं, "आल्या बाई!"

मराठीत!

तुम्ही दचकला असतात. मैत्रेयीही दचकली. पण तुम्ही आनंदाने मागे वळून पाहिलं असतं. तिने पाहिलं नाही. तिचे कान तापले, आणि ती खुर्चीत अशी काही खाली सरकली, की शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या नुपूरने जपानीत विचारलं, "मावशी, पोट दुखतंय?"

"गप्प बस."

पोट दुखत नव्हतं. कारण वेगळं होतं, आणि ते सांगायला मला एक महिना मागे जावं लागेल.

मैत्रेयी मूळची पुण्याची. क्योतोच्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होती. वरच्या मजल्यावर सुहासिनीताई राहायच्या, नुपूरची आई. त्यांना शनिवारीही ऑफिस असे, म्हणून नुपूर दर शनिवारी मैत्रेयीकडे. दोन तास मराठी शिकायचं, मग भटकायचं. शिकणं बेताचंच. मैत्रेयी मराठीत विचारी, नुपूर जपानीत उत्तर देई. आणि 'क' काढायला सांगितला की पेन्सिल टेबलाखाली पाडून स्वतःही टेबलाखाली जाऊन बसे.

मे महिन्यात त्या दोघी पहिल्यांदा त्सुकिमी-झामध्ये शिरल्या, त्या सोड्यासाठी. तिथे आपल्या गोटी सोड्यासारखी, आत काचेची गोटी असलेली बाटली मिळते. नुपूर सोडा पीत होती आणि मैत्रेयी तिथल्या टेबलावरची वही चाळत होती. सिनेमा पाहून झाला की चाहते तीत दोन ओळी लिहितात. एका पानावर शिनोबाईंचा जुना फोटो चिकटवलेला, आणि त्याखाली, बघते तर काय, देवनागरी!

'शिनोबाई, आज तुम्हाला सतराव्यांदा रडताना पाहिलं. दर वेळी वाटतं, या वेळी तरी पडद्यात हात घालून तुम्हाला रुमाल द्यावा.'

मैत्रेयीला इतकं हसू आलं! तिने ते नुपूरला वाचून दाखवलं. मग आपल्या पुणेरी अक्षरात खाली लिहिलं, 'अहो प्रेमवीर, बाई केव्हाच वारल्या. डोळे पुसा, घरी जा आणि स्वतःच्या लग्नाचं बघा.' कोणी पर्यटक असेल, आज आहे उद्या नाही, तो कशाला परत येतोय!

नुपूरने फोटोवर बोट ठेवून जपानीत विचारलं, "मिशी काढू?"

आता मोठ्या माणसाने काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला मी शिकवायला नको. मैत्रेयीने पेन तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "काढ की. कोण बघतंय?"

शिनोबाईंना झुपकेदार मिशा फुटल्या. दोघी पोट धरून हसल्या आणि पळाल्या.

...आणि आज तो प्रेमवीर मागच्या रांगेत बसला होता.

सिनेमा संपल्यावर त्याने त्यांना बाहेर गाठलंच. "तुम्ही मराठी ना? मघाशी 'गप्प बस' ऐकलं आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं."

उंच, सडपातळ, चष्म्यावर पावसाचे थेंब. "मी गुणवंत. अकोल्याचा. इथे शेवाळावर संशोधन करतो."

"शेवाळावर?"

"हसू नका. क्योतोत शेवाळाला माझ्यापेक्षा जास्त मान आहे."

मैत्रेयीला हसू आलंच. तेवढ्यात तिकिटांच्या खिडकीमागच्या आजी, ओकुदा-सान, म्हणजे ओकुदाबाई, बाहेर आल्या आणि गुणवंत त्यांच्याशी जपानीत बोलू लागला. नुपूरचे डोळे विस्फारले. जुन्या सिनेमातल्या घरंदाज बायका बोलतात, अगदी तसं लाजत, मान तिरकी करत बोलत होता तो!

"मी जपानी शिनोबाईंकडून शिकलो," तो म्हणाला. "पहिल्या हिवाळ्यात कुणाचं काही कळायचं नाही. लॅबमध्ये गप्प, घरी गप्प. इथे येऊन बसायचो. शब्द समजायचे नाहीत, पण बाईंचा चेहरा समजायचा. मग हळूहळू शब्दही आले... फक्त बायकी आले, हे उशिरा कळलं."

मैत्रेयीच्या ओठांवरचं हसू विरलं. रुमाल द्यावा असं वाटणारा माणूस हा होता तर.

"ही वही बघितलीत?" त्याने ते पान उघडलं. "इथे कुणीतरी माझी चांगली हजेरी घेतली आहे. अक्षर मोठ्या माणसाचं आहे. पुण्याचं असावं, एक वेलांटी चुकलेली नाही." तो हसत होता, पण कान लाल झाले होते. "त्याचं काही नाही. पण हा फोटो ओकुदा-सानचा. सोळा वर्षांच्या असताना चार तास रांगेत उभं राहून मिळवलेला. एकच होता त्यांच्याकडे." त्याने आवाज उतरवला. "मिशी लहान मुलाचं काम असणार."

आता बोलायची वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं.

"हो ना," मैत्रेयी म्हणाली. "मुलांना कुठे काय कळतं!"

नुपूरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग अर्धी उरलेली सोड्याची बाटली टेबलावर ठेवली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. तिला बोलता येत नसलं तरी मराठी सगळं कळत होतं.

त्यानंतर काय झालं असेल, ते मोठ्या मुलामुलींनी ओळखलंच असेल. दोघं भेटू लागली. आधी महिन्यातून एकदा, शिनोबाईंच्या सिनेमाला. मग मधल्या रविवारी नदीकाठी, सायकली हातात धरून. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही आठवत नव्हतं. तो तिला दगडांवरचं शेवाळ दाखवी, अगदी वाकून, कोणाची ओळख करून द्यावी तसं. ती म्हणे, "माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं नाहीस."

"तू एका जागी बसशील तर बघेन ना!"

आणि तो बघे... आणि ती नजर चुकवी. त्याला वाटे, लाजते आहे. लाजतच होती ती. पण त्याला वाटे त्या कारणाने नव्हे.

त्याच्यासमोर ती कधी पेन हातात धरत नसे. निरोप सगळे फोनवर. वाढदिवसाच्या कार्डावर नाव लिहायचं, तर तेही तिने छापून आणलं. सप्टेंबरमध्ये तो म्हणाला, "वही संपत आली. एक पान तुझ्यासाठी ठेवलंय. लिही ना काही."

"हात दुखतोय."

"महिनाभर दुखतोय?"

"...हो."

त्याने वही मिटली. त्या वहीत त्यानेही मेपासून एक ओळ लिहिली नव्हती. सतरा वेळा मोकळेपणाने लिहिणारा माणूस तिच्या एका विनोदाने गप्प झाला होता, हे तिला दर महिन्याला दिसत होतं.

आणि नुपूर? ती त्सुकिमी-झाला यायचीच बंद झाली. "इकानाइ," म्हणायची. नाही जाणार. सोड्याचं आमिष दाखवलं तरी, इकानाइ. शनिवारी मुकाट्याने वहीत 'क' काढायची, टेबलाखालीसुद्धा जायची नाही. मैत्रेयीला ते आज्ञाधारक 'क' बघवत नसत.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी, गल्लीभर केशरी फुलांचा गोड वास सुटलेला असताना, नुपूरने पेन्सिल खाली ठेवली. अडखळत, एकेक शब्द शोधत ती चक्क मराठीत म्हणाली, "मावशी, मिशी मी काढली. पण... पेन कोणी दिलं?"

मैत्रेयीने मान खाली घातली. एवढी मोठी झालेली, परदेशात शिकणारी मुलगी. तिला आठ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत बघता येईना.

"मी दिलं," ती म्हणाली. "आणि तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं, नुपूर."

"गुणवंतकाकांना सांग."

"तो माझ्याशी बोलायचा नाही मग."

नुपूरने थोडा विचार केला. "मी पण नाही बोलले नीट, जूनपासून. आता बोलते ना," ती म्हणाली.

त्या दुपारी दोघी थिएटरवर गेल्या. गुणवंत टेबलाशी उभा होता. "अरे वा, आज नुपूर-सानही! आणि हात? बरा झाला?"

"झाला," म्हणत मैत्रेयीने वही ओढली. कोरं पान सोडून मिशीचं पान काढलं आणि त्या जुन्या ओळींखाली, त्याच्या डोळ्यांदेखत लिहू लागली. 'वरचं मी लिहिलं. पेनही मीच दिलं. आणि दोष लहान मुलीवर घातला. मैत्रेयी.'

तीच वेलांटी. तेच वळण. गुणवंतने वरच्या ओळी वाचल्या, खालच्या वाचल्या. पुन्हा वरच्या.

"तुम्ही?" तो म्हणाला.

तो 'तुम्ही' तिला थपडेसारखा लागला.

"मला वाटलं होतं, हे कुणी वाचू शकणार नाही," तो सावकाश म्हणाला. "म्हणून तर मराठीत लिहायचो. मनातलं सगळं. मग हे वाचलं... आणि वाटलं, खरंच किती हास्यास्पद दिसत असेन मी."

"नाही, गुणवंत—"

"चार महिने भेटतोय की आपण. एकदाही नाही सांगावंसं वाटलं?"

"रोज वाटलं. रोज घाबरले."

तो मान हलवून आत निघून गेला. ओकुदा-सान खिडकीतून बघत होत्या. मैत्रेयी त्यांच्यासमोर कमरेत वाकली आणि जपानीत सगळं सांगितलं, काही न वगळता. आजींनी फोटोवरून बोट फिरवलं. "शिनो-सान हसल्या असत्या," त्या म्हणाल्या. "मला मात्र त्या दिवशी रडू आलं होतं." मग दोन तिकिटं फाडून त्यांच्या हातात ठेवली. "जा, सुरू होईल."

आत गुणवंत आपल्या नेहमीच्या जागी बसला होता. शेजारची खुर्ची मैत्रेयीची असायची; आज तिच्यावर त्याची बॅग होती. मैत्रेयी आणि नुपूर सगळ्यात मागे बसल्या. अंधार झाला. पडद्यावर नाव उमटलं. टाळी... वाजलीच नाही. आज ती वाजवायची पाळी बहुधा त्याची होती.

मैत्रेयीने दोन्ही हात वर उचलले आणि एकदाच, हलकेच टाळी वाजवली. मग म्हणाली, "आल्या बाई."

 पुढे त्या उंच आकृतीने शेजारची बॅग उचलली आणि पायाशी ठेवली.

"जा ना," नुपूर कुजबुजली आणि मावशीला कोपराने ढोसलं.

ती वाकून वाकून पुढे गेली, बसली. तो पडद्याकडेच बघत होता. शिनोबाई रडू लागल्या, तेव्हा त्याने खिशातून रुमाल काढला आणि न बघता तिच्यापुढे धरला. कारण शिनोबाईंच्या आधी ती रडत होती.

"राग गेला?" तिने नाक पुसत विचारलं.

"नाही. दोन-तीन सिनेमे तरी राहील." मग जरा थांबून, "पण तू त्या ओळीत एक सल्लाही दिला होतास."

"कुठला?"

"स्वतःच्या लग्नाचं बघा म्हणून." त्याचे कान अंधारातही लाल दिसले असते. "बघतोय. म्हणजे... तुझी हरकत नसेल तर."

पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून 'श्शू' केलं.  पण मैत्रेयीने रुमालही परत दिला नाही, आणि रुमालासकट धरलेला त्याचा हातही.

इकडे मागच्या रांगेत नुपूर एकटी बसली असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नव्हती. ती कधीच बाहेर गेली होती. टेबलावर उघड्या असलेल्या वहीसमोर ती उभी राहिली, पेन घट्ट धरलं आणि जीभ दातांत पकडून, रेघ सोडून खाली घसरणाऱ्या अक्षरांत, आयुष्यातलं पहिलं मराठी वाक्य लिहिलं. कोणी सांगितलेलं नसताना. 'मिशी मी काढली. सॉरी. नुपूर.'

मग तिने ते नीट वाचून पाहिलं. मैत्रेयीमावशीच्या नावाशेजारी तिला थोडी मोकळी जागा दिसली. तिथे तिने एक छोटासा चेहरा काढला, दोन वेण्यांचा, गालावर तीळ असलेला, हुबेहूब मावशीचा. आणि त्याला मिशी काढली.